डावा आवाज, उजवा आवाज

हारो, इलोइलो
३ ऑगस्ट

प्रिय मनोंग रोडेलो,

आला! तू बुसानहून पाठवलेला हेडसेट काल दुपारी आला. नानायने खालच्या खाणावळीत गिऱ्हाइकाचं बाचोय अर्धवट ओतून ठेवलं आणि खोकं घेऊन धावत वर आली. तो माणूस खालून ओरडतोय, "अहो, माझ्या वाटीत नूडल्स आहेत, रस्सा कुठाय?" आणि ही वर माझ्याबरोबर चिकटपट्टी ओढतेय!

मनोंग, वायरीशिवाय खेळणं म्हणजे काय सुख आहे, तुला कसं सांगू? मागच्या महिन्यात जुन्या हेडसेटची वायर खुर्चीत अडकली आणि अख्खा कन्सोल खाली आला, ते तुला लिहिलं होतंच. आता नुसती टोपी घातल्यासारखं वाटतं. आणि आवाज असा स्वच्छ की 'कालिस' ह्या मारामारीच्या खेळातला समोरचा योद्धा पाय उचलतो तेसुद्धा कळतं. तो डावीकडे असला की डाव्या कानात, उडी मारून डोक्यावरून पलीकडे गेला की आवाज सरकत सरकत उजवीकडे. लोकांना जे पडद्यावर दिसतं, ते मला असं कानात दिसतं. तुला नवीन नाही, तूच शिकवलंस. पण इतकं लख्ख मी कधी ऐकलं नव्हतं.

पण एक घोटाळा आहे. आवाज मधेच तुटतो. खर्रर्र, मग शांत, मग परत सुरू. कधी अर्धा मिनिट, कधी दोन. तेवढ्यात समोरचा मला झोडपून मोकळा होतो. आवाज गेला की मी खरोखरची आंधळी.

२८ सप्टेंबरला बाकोलोदला स्पर्धा आहे. मी नाव दिलंय. मागच्या वर्षी पहिल्याच फेरीत एर्मी पाल्मारेसने मला धुतलं आणि सगळ्या हॉलने उभं राहून टाळ्या वाजवल्या. हरणाऱ्यासाठी कोण उभं राहतं? नंतर कळलं, एर्मी मित्रांना सांगत होता, "एक डाव मीच सोडला तिला, बिचारी." बिचारी! मनोंग, ते 'बिचारी' माझ्या घशात वर्षभर माशाच्या काट्यासारखं अडकलंय. मला जिंकायचंच आहे असं नाही. पण एर्मीने घाम पुसत खेळायला हवं.

तर माझे थोरले चुलतभाऊ आणि जहाजाचे मोठे विजेचे मिस्त्री, सांगा काय करू?

तुझी,
फ्लोरिसा


जहाजावरून
११ ऑगस्ट

इन्दाय,

तुझं पत्र इंजिनाच्या खोलीत फोनवर, तेलकट हातांनी तीनदा वाचलं. एर्मी पाल्मारेस! त्याच्या बापाला मी ओळखतो, तोही बास्केटबॉल हरला की चेंडूत हवा कमी होती म्हणायचा.

आता ऐक. घाबरायचं नाही आणि ठोकायचंही नाही. (तुझी सवय मला माहीत आहे.) एकेक पायरी करायची. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर कशाने फरक पडला ते कळत नाही. हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

एक, हेडसेट पूर्ण चार्ज कर. अर्धवट बॅटरीवर कुठलंही यंत्र खोटं बोलतं.

दोन, कन्सोलच्या मागे हेडसेटला आवाज पाठवणारा जो बोटाएवढा डोंगल लावलाय, तो काढून पुढच्या बाजूला लाव. मागे भिंत, पत्रा, वायरींचं जंगल. लाटा तिथून बाहेर कशा येणार?

तीन, दोघांची ओळख पुन्हा करून दे. डोंगलला बारीक भोक आहे, त्यात टाचणी दाबून धर, आणि हेडसेटचं चालू करायचं बटण पाच आकडे मोजेपर्यंत दाब. दिवा लुकलुकेल, मग स्थिर होईल. रंग कोणता ते तुझ्या आईला, तिया ग्लिसेरियाला, विचार.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. आवाज किती वाजता तुटतो, ते लिहून ठेव. दर वेळेस. बिघाड हा पाहुण्यासारखा असतो, त्याच्या यायच्या वेळा असतात.

इथे सगळं ठीक. कोळसा भरून उत्तरेकडे चाललोय. पोरं शनिवारी कॅरिओके लावतात, मी हल्ली जात नाही, वय झालं म्हणतो. छत्तिसाव्या वर्षी!

मनोंग रोडेलो


हारो
१५ ऑगस्ट

प्रिय मनोंग,

सापडला! चोर सापडला! आणि तो आपल्याच घरात, आपलंच मीठ खाऊन बसला होता!

पण आधी दिव्याची गोष्ट. मी टाचणी दाबली, बटण दाबलं आणि म्हटलं, "नानाय, दिवा कोणत्या रंगाचा?"

"निळा. नाही, हिरवा. सांत्योंग काकाच्या गेटसारखा."

"काकाचं गेट मी पाहिलंय का?"

"मग कोवळ्या कलमान्सी लिंबासारखा!"

"लुकलुकतोय का?"

"आता नाही. आता बघतोय माझ्याकडे."

असो, स्थिर होता. डोंगल पुढे आणला, चार्ज पूर्ण केला. थोडा फरक पडला, पण तुटणं थांबलं नाही. मग तू म्हणालास तशा वेळा नोंदवायला लागले. सकाळी सव्वासातनंतर चार वेळा. मग काहीच नाही. दुपारी बारा ते एक म्हणजे कहर, अकरा वेळा! तीन ते चार पुन्हा पाच-सहा. रविवारी, नानायची खाणावळ बंद असते तेव्हा, एकदाही नाही. मी म्हटलं, हा बिघाड रविवारी चर्चला जातो की काय?

काल दुपारी मी हेडसेट एका कानावरून सरकवला आणि नुसती बसले, खेळ चालू ठेवून. खर्रर्र झालं, आवाज गेला. दुसऱ्या कानाने घर ऐकत होते. खालून गिऱ्हाइकं, चमचे, पंखा, आणि त्या सगळ्याच्या खाली एक बारीक गुणगुण. मग 'टिंग'. आणि त्या टिंगबरोबर माझा आवाज परत!

मायक्रोवेव्ह! नानाय बाचोयबरोबर सारण भरलेले जे स्योपाव विकते ते त्यात गरम करते. आणि तो बरोब्बर माझ्या खोलीच्या खाली आहे. मी जिना तीन उड्यांत उतरले.

"नानाय, स्योपाव लाव आत!"

"कोणी मागितलाच नाही."

"मी मागितला. लाव!"

लावला. वर धावले. खर्रर्र. खाली धावले. "बंद कर!" वर धावले. स्वच्छ. असं पाच वेळा केलं. पाचव्या वेळी स्योपाव दगड झाला होता आणि गिऱ्हाइकं पैज लावल्यासारखी ओरडत होती, "आता गेला का? आता आला का?"

इतका आनंद मला जिंकूनही झाला नसता. आता उपाय सांग. नानाय म्हणते, धंदा बंद ठेवणार नाही, पाहिजे तर मला ठेवेल बंद.

तुझी,
फ्लोरिसा


जहाजावरून
२१ ऑगस्ट

शाब्बास, इन्दाय! तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. आमचा चीफ इंजिनियर म्हणाला, "ह्या मुलीला इथे आण आणि तू घरी जा." मायक्रोवेव्हच्या आणि तुझ्या हेडसेटच्या लाटा एकाच वाटेने धावतात, म्हणून धक्काबुक्की.

कॉम्प्युटरच्या दुकानातून दीड मीटरची यूएसबीची जोडवायर आण. डोंगल तिच्या टोकाला लावून थेट तुझ्या टेबलावर ठेव, गुडघ्यापासून हातभर. ओळखीचा माणूस शेजारी बसला की खालच्या गोंगाटातही त्याचं बोलणं ऐकू येतं, तसंच आहे हे. आणि तियाला सांग, स्योपाव वाफेवरचाच चांगला, तिची आई तसाच करायची.

मनोंग


हारो
९ सप्टेंबर

मनोंग,

मी स्पर्धेतून नाव काढतेय. १४ तारखेपर्यंत कळवायचं असतं, उद्या-परवा कळवीन.

तुझी वायर लावल्यावर आठवडाभर स्वर्ग होता. नानाय वाफेवर गेली, मी सुटले. इंटरनेटवर सेबूच्या दोघांना हरवलं. मग कन्सोलचा पंखा गुरगुरायला लागला म्हणून प्लाझाजवळच्या दुकानात साफ करायला दिला. चार दिवसांनी परत आला, अगदी शांत. पण आता आवाज तुटत नाही, काही नाही, आणि तरी मला काही ऐकूच येत नाही.

म्हणजे ऐकू येतं, पण कुठून ते कळत नाही. समोरचा कुठेही असो, डोक्याच्या मधोमध असतो. तो माझ्या मागे गेला तरी मी पुढेच वार करते. काल शेजारच्या लिनेथने मला हरवलं. लिनेथला कुठलं बटण कशाचं तेही माहीत नाही!

हेडसेट कन्सोलसकट दुकानात नेला. त्या माणसाने गाणं लावून ऐकलं. म्हणाला, "दोन्ही बाजू झकास चालू आहेत, मिस. तुम्ही स्पर्धेचं फार मनावर घेतलंय." घरी येऊन तुझ्या सगळ्या पायऱ्या पुन्हा केल्या. चार्ज, टाचणी, दिवा. दिवा कलमान्सीच.

मग मला वाटलं, हेडसेट नाही, मीच. डोळे गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. तेव्हाही आधी असंच झालं होतं, सगळं होतं पण कुठे आहे ते कळेना. मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. मग नानायला न सांगता एकटी रिक्षाने कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी तपासलं, म्हणाले कान उत्तम. त्यावर खूश व्हायला हवं ना? पण मग कान उत्तम, हेडसेट उत्तम, आणि मी हरतेय, ह्याचा अर्थ एकच उरतो. एर्मी खरं बोलत होता.

फ्लोरिसा


जहाजावरून
१० सप्टेंबर

इन्दाय, घाईत लिहितोय, नेट जायच्या आत.

नाव काढू नकोस. काढू नकोस!

कन्सोलच्या सेटिंगमध्ये जा. अपंगांच्या सोयीसुविधांचा जो कप्पा आहे, तो उघड. तू तो पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज चालू करायला कधीतरी उघडला असशील, त्यानंतर नाही. त्यात आवाजाखाली 'मोनो' असं काहीतरी असेल. ते चालू असणार. बंद कर.

मोनो म्हणजे डाव्या-उजव्याचं मिश्रण करून दोन्ही कानांत तेच ओतायचं. गाणं ऐकणाऱ्याला फरक कळतही नाही, म्हणून दुकानदाराला सगळं झकास वाटलं. एका कानाने ऐकणाऱ्यासाठी ही सोय असते, म्हणजे दुसऱ्या बाजूचं काही निसटू नये. तुझ्यासाठी ती विष आहे.

बंद केलंस की सरावाच्या मैदानात जा, समोरच्याला नुसता उभा कर, आणि त्याच्याभोवती फेरी मार. मग मला एक शब्द लिही.

मनोंग


हारो
१२ सप्टेंबर

प्रिय मनोंग,

डावा! उजवा! डावा! उजवा!

चालू होतं! मोनो चालू होतं! बंद केल्याबरोबर तो योद्धा माझ्या डोक्यातून बाहेर पडला आणि जाऊन उजवीकडे उभा राहिला, त्याच्या जागेवर. मी रडले. नानाय पळत आली, तिला वाटलं विजेचा झटका बसला.

मग दोघी दुकानात गेलो. नानायने पळी हातात घेतली होती, रस्सा गळत होता. तो माणूस आधी खुर्ची मागे सरकवून उभा राहिला. मग म्हणाला, "मिस, कन्सोल तपासताना तो आपोआप बोलायला लागला. मी मुलांना विचारलं, त्यांनी सांगितलं ह्या ताई अंध आहेत. मग मी म्हटलं आपण तेवढंच पुण्य करू. अपंगांसाठीच्या जितक्या सोयी होत्या तितक्या सगळ्या चालू करून दिल्या. फुकट!"

नानायची पळी खाली आली. अशा माणसावर कसं ओरडणार? ती म्हणाली, "पुढच्या वेळी पुण्य करण्याआधी विचारत जा, बाबा." आणि त्याला जेवायला बोलावून आली.

आता माझा प्रश्न. मी हे कोणाकोणाला विचारलं होतं माहीत आहे? खेळणाऱ्या नऊ जणांना, दुकानदाराला, डॉक्टरांनाही. कोणाला सुचलं नाही. तुला मात्र एका दिवसात. कप्पा कुठला, शब्द कुठला, गाण्यात कळत नाही, हेसुद्धा.

गेल्या मार्चमध्ये तू घरी आलास तेव्हा बाजारात चालताना मला सारखा तुझ्या डाव्या हाताला घेत होतास. मला वाटलं गाड्यांमुळे. पण प्लाझात गाड्या नव्हत्या. आणि तू कॅरिओके सोडलंस. तू, ज्याच्या हातातला माईक काढून घ्यायला पोलीस बोलवावे लागायचे.

मनोंग, तुझा उजवा कान कधीपासून गेलाय?

फ्लोरिसा


ग्लॅडस्टन बंदर
२५ सप्टेंबर

इन्दाय,

दोन आठवडे उत्तर दिलं नाही, रागावली असशील.

फेब्रुवारीपासून. दाबाच्या हवेची नळी माझ्या शेजारी फुटली. आठ दिवस शिट्टी वाजत होती, मग शिट्टी थांबली आणि बाकीचंही थांबलं. कोणाला सांगितलं नाही. वैद्यकीय तपासणीत नापास झालो तर जहाज संपलं. फोनवर तोच मोनो लावला, जेवताना भिंतीच्या कडेला बसायला लागलो, आणि कोणी उजवीकडून बोललं की हसून मान हलवायची. बऱ्याचदा चालून जायचं.

तुझं पत्र मी उत्तर न देता खिशात ठेवणार होतो. पण १४ तारखेला डेकवर क्रेनने मोटर उचलत होते. बोसन, आमचा डेकवरचा मुकादम, ओरडला, "रोडेलो, बाजूला!" मी ऐकलं, पण कुठून ते कळलं नाही. मी मोटरीच्या बाजूलाच वळलो. त्याने कॉलर धरून खेचलं म्हणून हे पत्र लिहितोय. तू लिहिलं होतंस ना, समोरचा डोक्याच्या मधोमध असतो. अगदी तसंच. फक्त ही मोटर दीड टनाची होती.

त्याच दिवशी कॅप्टनकडे गेलो. वाटलं शिव्या देतील. ते म्हणाले, "सात महिने तू मला न सांगता माझ्या जहाजाला धोक्यात ठेवलंस," आणि मग बराच वेळ शिव्या दिल्याच. काल इथल्या बंदरात डॉक्टरांनी तपासलं. उजवा कान जवळजवळ गेला, परत यायचा नाही. डावा ठणठणीत. मला इंजिनाच्या खोलीतून काढून वरच्या कामावर घेतलंय. १९ ऑक्टोबरला घरी येतोय. पुढे जहाज मिळेल की नाही, कोणी सांगितलेलं नाही. भीती वाटते. पण आता कोणी बोललं तर मी सरळ म्हणतो, "इकडून बोल, तो कान बंद आहे," आणि माणसं खरंच इकडे येतात. सात महिने मला हे का सुचलं नाही?

तियाला आधी तू सांग. मला ती फोनवर रडलेली ऐकवणार नाही.

आणि तीन दिवसांनी बाकोलोद! सगळं जहाज विचारतंय. हॉलमध्ये गर्दी असेल, शेकडो फोन असतील, डोंगल जवळ ठेव.

मनोंग


हारो
३ ऑक्टोबर

प्रिय मनोंग,

नानायला सांगितलं. ती रडली नाही. ती म्हणाली, "येऊ दे त्याला, दुसऱ्या कानात ओरडते." मग स्वयंपाकघरात जाऊन अर्धा तास भांडी आपटली. तू ये, बाकीचं आल्यावर.

आता बाकोलोद! बस खाली.

पहिल्या दोन फेऱ्या मी अशा जिंकल्या की लोकांना टाळ्या वाजवायला वेळच मिळाला नाही. उपांत्य फेरीत एर्मी. पाचपैकी तीन डाव. पहिला मी घेतला. दुसराही मी घेतला. आणि तिसऱ्याच्या आधी एर्मी उठून उभा राहिला, हात वर करून.

"पंच! तिचा हेडसेट तपासा. बिनवायरचा आहे. कोणीतरी बाहेरून तिला सांगतंय!"

सगळ्या हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. मग कुजबुज. नानाय मागून उठली, "अरे मेल्या—" मी तिला हाताने थांबवलं. मनोंग, खरं सांगू? मला राग यायला हवा होता. पण माझ्या पोटातून हसू वर येत होतं. त्याने माझ्यावर फसवणुकीचा आळ घेतला! माझ्यावर! बिचारी फसवते का कधी?

मी म्हटलं, "तपासा. खुशाल तपासा."

पंचांनी हेडसेट, डोंगल, सगळं उलटंपालटं केलं. काही सापडलं नाही. तरी एर्मी अडून बसला. शेवटी मोठे पंच म्हणाले, "आयोजकांचा वायरवाला हेडसेट घाला आणि सामना पहिल्यापासून. मान्य?" दोन डावांची आघाडी गेली. नानाय ओरडत होती, नको म्हण! मी म्हटलं, मान्य. फक्त आधी दोन मिनिटं सेटिंग बघू द्या. बघितली. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. बसले.

तो हेडसेट म्हणजे चिंध्या. फोम फाटलेला, बाहेरचं सगळं आत. पहिला डाव हरले, दुसरा जिंकले, तिसरा हरले. चौथ्यापासून मला त्या गोंगाटात एक नवीन आवाज सापडला. पाचवा कसा गेला विचारू नकोस. तो उडी मारायचा आणि मी खाली त्याची वाट बघत असायचे. तीन-दोन! एर्मीने हेडसेट काढला तेव्हा त्याच्या कपाळावरचा घाम टेबलावर पडलेला मी ऐकला. शपथ!

अंतिम सामन्यात दुमागेतेच्या सेलेस्ते उमबाकने मला तीन-एकने हरवलं. काय खेळते ती! हात मिळवताना म्हणाली, "डिसेंबरात मनिलाला भेटू, तिथेही मारीन." कारण पहिले दोघेही मनिलाला जातात!

पण त्या नव्या आवाजाचं सांगायचं राहिलं. चार दिवस तो मला टोचत होता. आज दुपारी एर्मी खाणावळीत आला. बाचोय मागवलं, खाल्लं, आणि मग म्हणाला, "मी तिथे जे बोललो ते चुकलं. पण एक सांग. शेवटच्या दोन डावांत मी उडी मारायच्या आधी तुला कसं कळत होतं? आधी, फ्लोरिसा. खेळात तेव्हा आवाजच नसतो."

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "तुझा अंगठा. उडीच्या आधी तू कंट्रोलरची कांडी मागे ओढतोस, ती टक् करते. त्या फाटक्या हेडसेटमधून बाहेरचं ऐकू येत होतं. माझ्या हेडसेटवर खेळले असते तर कळलं नसतं. तुला ही फसवणूक वाटत असेल तर पंचांना सांग, मी नाही म्हणणार नाही."

मी त्याचा चमचा ऐकत होते, रिकाम्या वाटीत गोल गोल. मग तो म्हणाला, "कान तुझे, अंगठा माझा. चूक कोणाची?" आणि मग हळूच, "माझा अजून कुठला कुठला आवाज येतो, सांगशील?"

तेव्हापासून तो वरच्या खोलीत बसलाय, कानांवर माझा हेडसेट घालून आणि डोळ्यांवर नानायचा टॉवेल बांधून, आणि मी त्याला सांगतेय की खेळातला समोरचा कुठे आहे ते बोटाने दाखव. सातपैकी सहा वेळा चुकलाय. नानाय दारातून प्रत्येक वेळी मोठ्याने सांगते, "चूक!" आता तो हाका मारतोय. म्हणतो, आणखी एकदा.

तुझी,
फ्लोरिसा